ठिणगीच्या नावाखाली

बाई शिंपीण होती. तिची लेक बोलायला लागली की दुसऱ्याला तोंड उघडायची सोय नसे, म्हणून सगळे तिला ठिणगीच म्हणत. आईचं कसब ठिणगी आपल्या ब्लॉगवर मांडायची. आई मशीन चालवता चालवता सांगे, लेक शेजारी बसून लिहायची. हिवाळ्यात ठिणगी तापाने फणफणली आणि आठवड्याच्या आत गेली.

मग एके दिवशी आई जावयाला म्हणाली, "कॉलरचा लेख तिने अर्धाच सोडलाय. मला तो पुरा करायचाय."

"आई, वेबसाइटचं सगळं तीच बघायची. लेख कुठे पाठवायचा, मला काडीचंही ठाऊक नाही."

तरी त्याने लेख लिहायचं एक सॉफ्टवेअर संगणकावर चढवलं. त्या सॉफ्टवेअरने फक्त ब्लॉगचा पत्ता विचारला आणि पुढचं आपलं आपणच शोधून काढलं.

"याला कसं कळलं?"

जावयाने सॉफ्टवेअरची माहिती उघडून वाचली. "ब्लॉगच्या पानात आपल्याला न दिसणारी एक ओळ असते. ती एका फाइलकडे बोट दाखवते. लेख घेणारी सेवा कुठे आहे, ते त्या फाइलीत असतं."

"ती ओळ ठिणगीने लिहिली?"

जावई घुटमळला. "नाही आई. ब्लॉग ती आपोआप घालतो."

"बरं," म्हणून बाईने चष्मा उगाचच पुसला.

पासवर्ड जावयाला माहीत होता. बाईने एका बोटाने टकटक करत लेख पुरा केला आणि धाडला. खातं लेकीचं, म्हणून लेखाखाली नावही लेकीचंच उमटलं. दुपारपर्यंत वाचकांची झुंबड उडाली. "ठिणगी, आलीस एकदाची!" "कुठे दडी मारली होतीस गं?"

बाई वाचत राहिली. मध्येच हसली.

"आई, काढून टाकू का?" जावयाने हळूच विचारलं.

"थांब रे. जरा वेळ येऊ दे तिला हाका."

संध्याकाळी तिनेच खाली लिहिलं: "मी ठिणगीची आई. ती आता नाही. कॉलरमध्ये काही चुकलं असेल तर ते माझं."

मग एकामागून एक उत्तरं येऊ लागली. तिने ती वाचली नाहीत.

"मला वेगळं खातं काढून दे," ती म्हणाली. "पुढचा खिशाचा लेख मी माझ्या नावाने लिहीन."

जावयाने होकारार्थी मान हलवली. मग मांडीवरच्या अर्धवट शिवलेल्या कोटात तोंड खुपसून ती पोटभर रडली.