पुढचं चाक आणि उमरेड रोडचा वारा

हलकी चाकं घ्यावीत की एरो, असं बरेच जण मला विचारतात. त्याचं उत्तर मला उमरेड रोडवर मिळालं, आणि आजही मागून ट्रक आला की मी हँडल घट्ट धरते.

आमच्या घरात दोन रोडबाइक सायकली. एक थोरल्या भावाची, दादाची. तो हिंगण्याला कंपनीत असतो, अंगाने चांगला भरलेला. त्याची चाकं हलकी, बुटक्या रिमची, चढावर कामाची. मी काडीपैलवान, आणि माझी नवी चाकं एरो, म्हणजे वारा कापणारी, चांगली तीन बोटं खोल रिमची. नागपुरात चढ आहेच कुठे, असं म्हणून मीच हट्टाने घेतली. पण आपण नागपूरकर उन्हाच्या धाकाने पहाटेच सायकल काढतो, वारा झोपलेला असतो तेव्हा. माझी सगळी ट्रायल त्याच वेळची.

मेमधल्या एका रविवारी अंधारातच दिघोरीहून निघालो. कुहीला नाश्ता करून परत, एवढाच बेत. उमरेड रोड गुळगुळीत आहे, पण ट्रक फार. कुही फाट्याला डावीकडे वळलं की रस्ता अरुंद होतो आणि दोन्हीकडे धानाच्या रिकाम्या बांध्या लागतात. माझी चाकं घूं घूं करत पळत होती, दादा मागे पडत होता, आणि मी त्याच्या चाकांना नावं ठेवत होते. कुहीत आलुबोंडा, त्यावर तर्री आणि चहा; दीडशेच्या आत दोघांचं पोट भरलं. पाणी मात्र घरूनच भरपूर न्या.

गप्पांत ऊन चढलं, आणि वारा उठला. फाट्यापर्यंत तो समोरून होता, नुसता दम काढत होता. उमरेड रोडवर वळलो आणि तो डाव्या अंगाला आला. झाडांची रांग संपली तसा एक झोत खोल रिमवर आदळला आणि हँडल हातातून निसटल्यासारखं उजवीकडे गेलं. त्याच क्षणी एक ट्रक हॉर्न वाजवत खेटून गेला. मी कशीबशी कडेच्या मुरमात उतरले. सायकल आडवी टाकली आणि तिथेच बसले.

"काहून वं, घाबरली का?" दादाने विचारलं.

"मले नाही जमून राहिलं दादा. टेम्पो बोलव."

त्याने फोन लावून पाहिले. रविवारी कोणी यायला तयार नव्हतं. मग त्याने दोन्ही सायकली उलट्या केल्या आणि पुढची चाकं काढली. मागच्या चाकाला वारा लागला तर लागू दे, हँडल फिरवतं ते पुढचं चाक, एवढंच म्हणाला. त्याचं हलकं चाक माझ्या सायकलला लावलं, माझं खोल चाक स्वतःच्या.

"मी वजनदार आहो, मले नाही उडवत वारा. माझ्या मागं राह्य."

माझी सायकल खरंच शांत झाली. भीती मात्र गेली नाही, ती जागा बदलून पुढे जाऊन बसली. प्रत्येक ट्रकसरशी दादाचं हँडल थरथरायचं, सायकल उजवीकडे ओढली जायची, आणि मी मागून ते बघायचे. स्वतः पडताना डोळे मिटता तरी येतात. इथे मिटायची सोय नव्हती. दिघोरी येईपर्यंत मी देवाला काय काय कबूल केलं, ते आता आठवतही नाही.

तर, सपाटीवर एरो वेगवान आहेत, यात वाद नाही. पण अंगाने हलके असाल आणि उघड्या रस्त्यावर जाणार असाल, तर निदान पुढचं चाक बुटकं ठेवा. मी तेच केलंय. दादाचं चाक माझ्याच सायकलला राहिलं, त्याला तसंच दुसरं आणलं. खोल चाक भिंतीवर टांगलंय, विकलेलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर आईने विचारलं, कशी झाली राइड? "मस्त," दादा म्हणाला, आणि हेल्मेटचं बक्कल उघडायला लागला. त्याच्या बोटांना ते उघडेना. मी पुढे होऊन उघडून दिलं.