भडगावच्या कापड दुकानातून पाहिलेला तारा

माझं संशोधन फुटणाऱ्या ताऱ्यांवर होतं. मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो, तेव्हा पहिले काही दिवस तो अतिशय तापलेला असतो. त्या दिवसांतला त्याचा प्रकाश मला हवा होता. आधी दोनदा ती संधी ढगांमुळे हुकली होती.

त्या पावसाळ्यात माझे आजोबा, आबा, भडगावच्या घराच्या पायरीवरून घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला ऑपरेशन झालं. माझ्याशिवाय त्यांना कोणी नव्हतं, म्हणून मी पुण्याहून भडगावला येऊन राहिले. आठवड्याभरातच एका दूरच्या दीर्घिकेत तारा फुटल्याची बातमी आली. रस्त्यावर रेंजमध्ये जाऊन माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "आपली दुर्बीण पावसामुळे बंद आहे. आणि तुला हवा तो अतिनील प्रकाश तसाही हवेतच शोषला जातो. अवकाशातल्या दुर्बिणीकडे मागून बघ. कोणीही मागू शकतं."

मागायचं तर इंटरनेट हवं. घरात मोबाइलला रेंज नव्हती आणि वीज सारखी जायची. समोर एका मारवाडी शेठजींचं कापड दुकान होतं, तिथे वायफाय होतं आणि इन्व्हर्टरही. मी भीतभीत विचारलं. त्यांनी गादीवरचे तागे सरकवले आणि म्हणाले, "बसा ताई. आबांकडे माझा माणूस लक्ष ठेवेल."

मी विनंती लिहून पाठवली. माझं नाव तिकडे कोणालाही माहीत नव्हतं. अजून डॉक्टरेट नाही, पत्ता भडगावचा. आपल्याला कोण विचारतंय, असंच वाटत होतं. संध्याकाळी शेठजी दुकान आवरत होते, तेवढ्यात उत्तर आलं: दुर्बीण तुमच्या ताऱ्याकडे वळवत आहोत. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. शेठजींनी विचारलं, "काही वाईट बातमी?" मान हलवून मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चित्रं आली. बाहेर पाऊस कोसळत होता. मी लॅपटॉप आबांच्या खाटेवर ठेवला आणि दीर्घिकेच्या कडेचा एक ठिपका दाखवला.

"तठे पाऊस नही का?" त्यांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं.

"ही दुर्बीण ढगांच्या, हवेच्याही वर आहे, आबा."

"आन हाऊ उजेड कितला जुना शे?"

"तो निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूसच नव्हता."

आबांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. रक्त कमी झालं म्हणून डॉक्टरांनी त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण त्या ते उशीखाली लपवायचे. मी म्हटलं, "तुमच्या गोळीतलं लोखंडसुद्धा असेच तारे फुटून आलंय." त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग उशीखाली हात घालून एक गोळी काढली आणि पाणी मागितलं.

पुढचे काही आठवडे दुर्बीण त्या ताऱ्याकडे पुन्हा पुन्हा बघत राहिली आणि तो कसा निवत गेला, हे मला दुकानात बसून मोजता आलं. गिऱ्हाईक डोकावलं की शेठजी हळू आवाजात सांगायचे, "ताईंचं काम चालू आहे." दिवाळीपर्यंत आबा काठी घेऊन चालायला लागले. मी पुण्याला परतले आणि तेवढ्या नोंदींवर माझा प्रबंध उभा राहिला.

ती दुर्बीण बांधणाऱ्यांना, त्या संध्याकाळी तिला वळवणाऱ्याला मी कधी भेटले नाही. एका अनोळखी मुलीचं म्हणणं त्यांनी ऐकलं, याचं मला अजून नवल वाटतं. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर त्यांच्या खालच्याच ओळीत मी शेठजींचं नाव घातलं. ते पान घेऊन मी भडगावला, त्यांच्या दुकानात गेले. इंग्रजीत होतं, म्हणून मराठीत वाचून दाखवलं.

शेठजींनी चष्मा पुसला. "दुर्बिणीच्या खाली आमचं नाव?" ते म्हणाले. "मी तर फक्त जागा दिली."

समोर एक बाई ब्लाउजपीस निवडत थांबल्या होत्या. त्यांना शेठजींनी बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, "ताई, परत एकदा वाचा."