माधुकरीचं पाचवं घर

गाणगापूरला दुपारी दत्त महाराज स्वतः माधुकरी मागायला येतात, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. कोणत्या रूपात येतील ते सांगता येत नाही. त्यामुळं त्या वेळी दारात आलेल्या कुणालाच गावात नाही म्हणत नाहीत. नवस फेडायला आलेला माणूस घरचा कितीही भरला असो, खांद्याला झोळी अडकवून पाच घरं मागतो आणि मिळेल ते संगमावर नेऊन खातो.

आमच्या अप्पांवर ही पाळी आली ती आईमुळं. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. हिवतापानं अप्पा अंथरुणाला खिळले होते. उठले तर गाणगापूरला माधुकरी मागतील, असं आई परस्पर बोलून बसली. ते उठले. मग त्यांना नवस सांगण्यात आला.

"माझा नवस तू कामून बोललीस?"

"तुमी तवा तापात बडबडायलावता. देवाला काय कळलं असतं?"

अप्पा कोहिनूर गावचे शेतकरी. गावातले लोक त्यांच्याकडून ज्वारी मागून नेत. त्यांना स्वतःला मागायची सवय नव्हती. मी तेव्हा गुलबर्ग्यात एका वकिलाकडं उर्दू अर्ज लिहायचं काम करत होतो. दोघं बैलगाडीनं गुलबर्ग्याला आले, तिथून आम्ही रेल्वेनं गाणगापूर स्टेशनला उतरलो आणि पुढं भाड्याची गाडी केली. गाडीत आईनं अप्पांकडून सराव करून घेतला.

"माधुकरी वाढा, माय," अप्पा म्हणाले. गाडीवानानं दचकून मागं पाहिलं.

"मागायलाव का शेतसारा वसूल करायलाव?" आई म्हणाली.

खरी अडचण आवाजाची नव्हती. माझी थोरली बहीण गाणगापुरातच दिलेली होती. देवळाच्या वाटेवर तिच्या सासरचं नारळ-बुक्क्याचं दुकान, मागं घर. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. अक्काच्या लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं, पाळणा हलला नव्हता. अप्पा आले की दुकानाच्या पायरीवर बसत, सोबत आणलेल्या तांब्यातलं पाणी पीत आणि उठून जात. भावाला ही रीत लागू नसल्यानं मी मात्र तिच्याकडं पोटभर जेवत असे. मागच्या खेपेला वाढता वाढता ती मला म्हणाली होती, "मला साडी नको, चोळी नको. एक डाव अप्पांनी माझ्या हातची भाकर खावी. आत्याबाई रोज म्हणत्यात, तुज्या बापाला आमचं पाणी कडू लागतंय जणू."

आम्ही पोचलो त्या संध्याकाळी अप्पा नेहमीप्रमाणं पायरीवर बसले. अक्का उंबऱ्याशी उभी राहिली.

"अप्पा, उद्या माधुकरीला आमच्या दारात या."

"लेकीच्या दारात? रीत न्हाई, माय."

आतून तिच्या सासूबाई व्याह्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दत्त रोज येतंय आमच्या दारात. इवाई त्याच्याहून मोठे असत्याल."

अप्पांनी आपला तांब्या उचलला. आम्ही धर्मशाळेत उतरलो.

सकाळी भीमा आणि अमरजेच्या संगमावर अंघोळ झाली, अंगाला भस्म लागलं, आणि आम्ही देवळात रांगेला उभे राहिलो. तिथं निर्गुण पादुकांचं दर्शन एका लहानशा झरोक्यातून घ्यावं लागतं. एका वेळी एकच डोकं वाकतं. अप्पा वाकले आणि तसेच राहिले. त्यांनी आतल्या पुजाऱ्याला प्रश्न विचारला होता.

"लेकीच्या घरची माधुकरी चालती का, महाराज?"

"आजोबा, देव बघा की," मागून कुणीतरी म्हणालं. "वाद काय घालायलाव?"

"झोळी घेतली की तुम्ही कुणाचे बाप नाही," पुजारी म्हणाला. "माय म्हणायचं, वाढतील ते घ्यायचं. कुठल्याही घरी चालतं."

"कुठल्याबी?"

"कुठल्याही."

अप्पांनी यातून सोयीचं तेवढंच घेतलं. झोळी बांधून ते अक्काच्या घराच्या बरोबर उलट दिशेच्या गल्लीत शिरले. आम्ही अंतर ठेवून मागं होतो.

पहिल्या घरी त्यांना भाकरीचा तळहाताएवढा तुकडा मिळाला. दुसऱ्या घरी चिमूटभर भात. तिसऱ्या घरी बाईनं वाटीभर भाजी आणली, अप्पांच्या पागोट्याकडं पाहिलं, आणि अर्धी परत नेली.

"दत्ताचं गाव म्हणं," अप्पा आमच्याजवळ येऊन म्हणाले. "आन् हात बघा किती आखडता. कोहिनूरला कुत्र्याला याच्याहून जास्ती टाकत्यात."

चौथ्या घरी एक म्हातारी होती. तिनं भाकरीची कोर मोडली, तिचीही अर्धी केली आणि झोळीत घालून विचारलं, "कोहिनूरचे न्हाई का तुमी? मोठ्या पागोट्याचे?"

"व्हय."

"रागावू नका, अण्णा. दुकानवाल्याची सून पहाटंच गल्लीगल्ली फिरून सांगून गेलीया. पागोटंवाले आले तर थोडंच वाढा, झोळीत जागा ठिवा म्हणली."

अप्पांनी झोळीत पाहिलं. जागा भरपूर होती. त्यांनी पागोटं नीट केलं, आमच्याकडं न बघता वळले आणि देवळाच्या वाटेला लागले.

अक्का परात घेऊन दारातच उभी होती. अप्पा उंबऱ्यापासून हातभर लांब थांबले. चार घरं गाजवलेला आवाज इथं खाली आला.

"माधुकरी वाढा, माय."

तिनं भाकरी घातल्या, शेंगाची चटणी घातली, मग शेंगापोळ्या. शेंगापोळी अप्पांची आवडती. बास म्हणायची मुभा नसल्यानं ते झोळी धरून उभे राहिले. झोळीचं कापड ताणलं.

"सूनबाई," सासूबाई आतून म्हणाल्या, "एकट्या दत्ताला वाढायलीस का समद्या कोहिनूरला?"

अक्का हसली आणि आणखी एक पोळी घातली.

संगमावर औदुंबराखाली अप्पांनी गाईचा घास बाजूला काढला आणि जेवायला बसले.

"परसाद वाटून खावा लागतोय," आई म्हणाली.

"वाटलाय की. चार घरचा तुमाला."

पाचव्या घरचं त्यांनी एकट्यानं संपवलं. चटणी बोटानं पुसून घेतली.

संध्याकाळी निरोप घ्यायला दुकानावर गेलो. अक्कानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"न्हाई माय. रीत हाय."

"झोळीभर खाल्लाव की दुपारी," सासूबाई म्हणाल्या.

"ते दत्तानं खाल्लं, ईनबाई," अप्पा म्हणाले आणि आपल्या तांब्यातलं पाणी प्याले. त्या घरात त्यानंतर कडू पाण्याचा विषय निघाला नाही, असं अक्का सांगते.

पुढच्या वर्षी अप्पांना ताप आला नाही. आईनं नवसही बोलला नव्हता. तरी सुगी आटोपल्यावर त्यांनी खुंटीवरची झोळी काढली आणि आईला ती धुऊन ठेवायला सांगितली.