कमलाबाईंचा मिस कॉल

कमलाबाई माझी मावशी. अल्लीपूरच्या बाजूला एका लहान गावात ती १९९३ मध्ये उपकेंद्राची नर्स म्हणून आली आणि गावानं तिला सिस्टरबाई करून टाकलं. बाईच्या पोटात गोष्ट राहत नाही असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, तो तिच्यामुळे. चौदा वर्षं तिनं अर्ध्या गावाची गुपितं गिळली आणि ढेकरही दिला नाही.

तिची एक रीत होती. तरण्या पोरीला घेऊन आई आली की मावशी आधी आईलाच कामाला लावायची. ‘‘ताई, हंडा रिकामा हाय. तेवढं बोअरिंगचं पाणी आनून देता का?’’ आई गेली की दार लोटायची आणि पोरीला म्हणायची, ‘‘आता बोल.’’ पाणी येईपर्यंत पोरीचं सांगून, रडून, डोळे पुसून झालेलं असे. रजिस्टरमध्ये मावशी लिहायची, ‘रक्त कमी’. आमच्याकडे रक्त कमी असलेल्या पोरी इतक्या, की कुणी शंका घेतली नाही.

२००६ मध्ये तालुक्याला प्रशिक्षण झालं. किशोरवयीन मुलींची माहिती गुप्त ठेवा, रजिस्टर कुलपात ठेवा, असा कागद तिला मिळाला. अठराच्या आतल्या मुलीचा गर्भपात करायचा तर पालकाची सही लागते, हेही तिथेच पुन्हा बजावलं. मावशी घरी आली ती चिडूनच. ‘‘म्हंजे गुप्त ठेवा, अन् बापाले इचारा. दोन्ही मीच करू!’’ फोनबद्दल त्या कागदात अवाक्षर नव्हतं.

फोन मी आणायला लावला होता. मी तेव्हा हिंगणघाटला कॉलेजात होते आणि तिच्याच क्वार्टरमध्ये राहायचे. मिस कॉलची युक्तीही माझीच. एक मिस कॉल म्हणजे काही काळजी नाही, दोन म्हणजे भेटायला ये. पोरींना उपकेंद्राच्या चकरा नकोत, कुणाची नजर नको. माझ्या हुशारीचं मला भारी कौतुक वाटलं होतं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

२००७ च्या जानेवारीत सपना आली. गावातले किराणावाले भैय्याजी, त्यांची मुलगी. वय सोळा, मार्चमध्ये दहावीची परीक्षा. सकाळच्या शाळेच्या मधल्या सुट्टीत एकटीच आली होती. पाळी दोन महिने चुकली होती. कुणी जबरदस्ती केली का, एवढंच मावशीनं विचारलं. सपनानं नाही म्हणून मान हलवली.

‘‘घरी समजलं तर शाळा बंद, बाई. बाबा मले पेपरही देऊ देनार नाई. भाऊ तर मारूनच टाकन.’’

‘‘कोनाले समजत नाई. माह्या तोंडून तर नाईच नाई.’’

गरोदरपणाच्या तपासणीची कार्डं संपली होती, ती दुपारी यायची होती. मावशीनं लघवीची बाटली ठेवून घेतली. सपनाच्या घरी मोबाइल एकच, थोरल्या भावाचा, भूपेंद्रचा. तो दुकानातून जेवायला यायचा, फोन चार्जिंगला लावायचा आणि तासभर झोपायचा. अडीचला मावशीनं मिस कॉल द्यायचा, सपनानं तो पाहून पुसून टाकायचा, असं ठरलं.

कार्डावर एकच रेघ आली. काहीच नव्हतं. पोरीचं रक्त खरंच कमी होतं, बाकी काही नाही. मावशीचा जीव भांड्यात पडला. बरोबर अडीचला तिनं नंबर लावला, एकदा वाजू दिला आणि कापला.

त्या आठवड्यात गावातल्या लोडशेडिंगची वेळ बदलली होती. दुपारी वीजच नव्हती, म्हणून भूपेंद्र न झोपता फोन खिशात घालून दुकानात परत गेला होता. हे आम्हाला नंतर कळलं.

पाच मिनिटांत त्याच नंबरवरून फोन आला. मी समोरच बसले होते. मावशीनं हिरवं बटण दाबलं आणि पलीकडच्याला हॅलोसुद्धा म्हणू दिलं नाही.

‘‘हां सपना, काई नाई निघालं पोटात. घाबरू नको माय, खुशाल अभ्यास कर.’’

पलीकडे कुणीतरी तराजूत वजन ठेवल्याचा आवाज आला. मग पुरुषाचा आवाज. ‘‘कोन बोलून राह्यलं?’’

मावशीनं फोन बंद केला. मला म्हणाली, ‘‘रोशनी, मी काय केलं वं?’’ तशीच चपला घालून ती निघाली, मी तिच्यामागे.

दुकानाला कुलूप होतं. दुपारी तीनला भैय्याजींचं दुकान बंद मी कधी पाहिलं नव्हतं. घराचं दार आतून लावलेलं, आणि आत सेलवरचा रेडिओ मोठ्यानं लावलेला. शेतकऱ्यांना कसलासा सल्ला चालला होता. मावशीनं कडी वाजवत ठेवली. बऱ्याच वेळानं भैय्याजी आले आणि चक्क हसले.

‘‘काई काम होतं का, बाई? सपनाले बरं नाई. झोपली हाय.’’

‘‘मले पाहू द्या तिले.’’

‘‘रक्त कमी हाय तिचं. आमी पाहून घेतो.’’

त्यांनी दार लावलं. रेडिओ आणखी मोठा झाला.

दुसऱ्या दिवशी मावशी तालुक्याला पोलीस ठाण्यातल्या साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, ‘‘फोनवर तुम्हीच सांगितलं ना? मग तक्रार कोणाची लिहू?’’ चौथ्या दिवशी सपना गावात नव्हती. मामाकडे गेली, असं सांगण्यात आलं. मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेत तिची जागा रिकामी होती.

मे महिन्यात सपनाची आई, लीलाबाई, घरी न सांगता उपकेंद्रात आली. बाकावर बसली.

‘‘खरं सांगा बाई. काईच नव्हतं ना?’’

‘‘काईच नव्हतं.’’

‘‘लग्न लावून देलं तिचं. कुठं देली ते मलेही नाई सांगत.’’ पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, ‘‘न्यायच्या दिवशी दोघं जनं ओढून राह्यले होते, ती दाराची चौकट सोडत नव्हती. मले इचारलं, घरी कोनं सांगितलं?’’

‘‘मंग तुमी काय सांगितलं?’’ मावशीनं विचारलं.

‘‘मी म्हटलं, सिस्टरबाईनं. मंग तिनं चौकट सोडली. आपल्या पायानं गाडीत जाऊन बसली. रडली पन नाई.’’