पिशवीपुरतं वजन

“वजान वाढलं की पिशवी बंद. म्हून मी गोळी एक दिसाआड खाती.”

पडद्यापलीकडच्या बाकावरची बाई शेजारणीला सांगत होती. शेजारीण हसली. “आन् मी रोज खाऊन बी सुकटच. माझी पिशवी पक्की हाय बघ.”

मी पडद्याच्या आत, वजनकाट्यापाशी. समाजकार्याच्या अभ्यासासाठी मला साताऱ्यातल्या या एचआयव्ही उपचार केंद्रात पाठवलं होतं. माझी शाळा इंग्रजी, घर अबोल. इथल्या बायकांचं बोलणं कळायचं, पण उत्तर द्यायला जीभ उचलायची नाही. म्हणून वजन करायचं काम मी मागून घेतलं होतं.

पिशवीत शेंगदाणे, गूळ, डाळ, तेल. गोळ्यांनी भूक खवळते आणि रिकाम्या पोटी त्या सोसत नाहीत, म्हणून सांगलीतली काही देणगीदार मंडळी ही पिशवी द्यायची. पण फक्त ठरलेल्या वजनाखालच्यांना, आणि तेही गोळ्या चुकवत नसतील तर.

एक दिसाआड गोळी खाणारी ती बाई आत आली. आटपाडीकडची, मेंढपाळ घरातली. गावात कळू नये म्हणून इतक्या लांब यायची. तिने चपला काढल्या, कमरेची चंची सोडून स्टुलावर ठेवली आणि काट्यावर श्वास रोखून उभी राहिली.

“बसतंय न्हवं?”

मी मान हलवली. वजन ठरलेल्या आकड्याखाली बसत होतं.

“झ्याक. नातवंडं वाट बघत्यात. शेंगदाणं तर एका दिसात फस्त करत्यात.”

तिच्या वाट्याला काय येतं, ते मी विचारलं नाही.

शेजारच्या टेबलावर डॉक्टरांनी तिचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला. विषाणू वाढला होता.

“गोळ्या चुकवता का, मावशी?”

“न्हाई जी. रोज खाती.”

“मग औषध लागू पडेनासं झालंय. बदलावं लागेल. पण हे पुढचंही वाया गेलं, तर आमच्याकडे काही उरत नाही.”

ती माझ्याकडे बघत होती. पडद्याआडून मी बाकावरचं बोलणं ऐकलंय, हे तिला ठाऊक होतं. त्या बघण्यात विनवणी नव्हती. ही पोरगी काही बोलायची नाही, असं ती धरूनच चालली होती. खरं सांगितलं तर पिशवी जाणार. गप्प बसले तर नवं औषधही ती तसंच घेणार. पिशवी कुणाला द्यायची, ते डॉक्टरांच्या हातात नव्हतं. माझ्या तर नव्हतंच.

डॉक्टरांनी पेन उघडलं.

“त्या एक दिवसाआड घेतात,” मी म्हणाले. “पण त्यांची पिशवी बंद करू नका.”