जल्दीआजी

जल्दीआजींना हिंदीतले चारच शब्द येत: जल्दी, पानी, रोटी आणि शाबास. पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजगावात आम्ही तीन मराठी विद्यार्थी त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. सकाळी जिन्यात आमची पावलं वाजली, की मूळच्या घानाच्या या पंचाहत्तरीच्या बाई खालून हाकारत, "जल्दी, जल्दी!" नाव तिथूनच पडलं.

हे शब्द त्यांच्या वडिलांचे. इंग्रजांच्या फौजेतून ते ब्रह्मदेशात लढले आणि शेजारच्या तुकडीतल्या हिंदी शिपायांकडून चार शब्द आणि रोटी लाटायला शिकून घरी परतले. आजी आईच्या पोटात होत्या तेव्हा, कबूल केलेलं पेन्शन मागायला ते इतर माजी सैनिकांबरोबर शांतपणे मोर्चानं गेले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ते परत आलेच नाहीत; शब्द आणि रोटी आजींपर्यंत आईकडून आली.

वडील गेले त्या तारखेला आजी दरवर्षी मोठ्यानं गाणी लावून रोट्या लाटत आणि शेंगदाण्याच्या रश्श्याबरोबर अख्ख्या गल्लीला जेवू घालत. रोटी कधी गोल झाली नाही. मी एकदा गोल लाटून दाखवली, तर म्हणाल्या, "छान आहे. पण वडिलांची नव्हती अशी."

आमच्या भागातली बस बंद होणार असं कळल्यावर विद्यार्थ्यांनी मोर्चा ठरवला. आजी निघाल्याच. मला व्हिसाची धास्ती. लॅबचं निमित्त सांगून झालं, आणि मग न राहवून विचारलं, वडिलांचं तसं झालेलं असताना तुम्ही कशा जाता?

त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं. "त्यांनी हक्काचं मागितलं, यात त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं ते गोळी झाडणाऱ्याचं. तू नाही आलास तरी जेवायला मात्र ये."

मी मोर्चाला गेलो. आजी ठेवणीतली टोपी घालून, काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. बाजूनं चालणाऱ्या पोलिसाला त्यांनी डब्यातली रोटी दिली. तो गडबडला, मग खाऊ लागला. त्याला "शाबास" मिळाली. बस वाचली, फेऱ्या मात्र निम्म्या झाल्या.

गेल्या वसंतात आजी झोपेतच गेल्या. भरपूर जगलेल्या माणसाला पांढरे कपडे घालून, नाचून निरोप द्यायचा, ही त्यांच्याकडची रीत. चर्चच्या हॉलमध्ये ढोल सुरू झाले. मी भिंतीशी उभा होतो. आजींच्या मुलीनं माझा हात धरून मला मधे नेलं. गणपतीच्या मिरवणुकीतही कडेकडेनं चालणारा मी, कुर्ता घामानं चिंब होईपर्यंत नाचलो.