कोपऱ्यातली चार घरं

परभणीच्या प्रशिक्षणातून खेळ शिकून आले तेव्हा मी भलत्याच टेचात होते. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत पोरांना डोकं चालवायला आता मीच शिकवणार होते. पुठ्ठ्यावर आमच्या वर्गाच्या फरशीसारखी घरं आखली आणि पोरांच्या जागी चिंचोके दिले. अट एवढीच की भांडणारे दोघे शेजारी नकोत आणि एकही घर रिकामं नको.

पाचही गटांनी खिडकीकडच्या कोपऱ्यातली चार घरं मोकळी सोडली आणि उरलेले चिंचोके दुसरीकडे कोंबले. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांना शून्य दिलं. एरवी अर्ध्या गुणासाठी हुज्जत घालणारी पोरं शून्य मिळूनही चिंचोके हलवेनात, तेव्हा मी कारण विचारलं.

मेंढपाळांच्या वस्तीवरून येणारी मुलगी म्हणाली, "बाई, तिथं वरून माती गळायलीय."

मी वर पाहिलं. गिलावा फुगला होता आणि भेगेतून गंजलेली सळई दिसत होती. सगळ्यात उशिरा येणाऱ्यानं त्याच कोपऱ्यात बसायचं, हा नियम माझाच होता. वस्ती लांब, म्हणजे रोज हिचीच वेळ यायला हवी होती. पण ती तिथं क्वचितच दिसायची. ते कसं, हे मॉनिटर मुलीनं खाली मान घालून सांगितलं. पोरांनी आपसात नंबर लावले होते. ज्याचा नंबर असेल त्यानं फाटकापाशी थांबायचं आणि वस्तीवरची मुलगी आत गेल्यावर यायचं. फाटकाशी रेंगाळता म्हणून मी त्यांना किती घालूनपाडून बोलले होते! मला माझीच लाज वाटली.

मुख्याध्यापकांनी लगेच तालुक्याच्या ऑफिसला दुरुस्तीचा अर्ज पाठवला. पाहणी होईपर्यंत वर्ग बंद ठेवू नका, असं उत्तर आलं. दुसरी खोली आधीच पडायला झालेली, व्हरांडा त्याच स्लॅबखाली, आणि बाहेर नऊ वाजताच चटके बसतात. मग पोरांना दाराकडे दाटीवाटीनं बसवलं. तरी जागा पुरेना, तेव्हा कोपऱ्यात मी माझी खुर्ची टाकली. रोज सकाळी ती झटकते. आधी नुसती धूळ असायची, आता खडे असतात.

काल शाळा सुटल्यावर ती वस्तीवरची मुलगी खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"बाई, रोज तुमीच कशाला? आमी परत नंबर लावलेत. उद्या माझा हाय."